परतून आलेल्या रॉकेटचा डोळा

मुलांनो, समजा, तुम्ही बोईसर एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये उभे आहात. समोर आधारावर आडवं ठेवलेलं रॉकेट आहे. एकदा आकाशात जाऊन हे आपल्या पायांवर उभं उतरलं. आता ते पुन्हा उडवायचंय, तर त्याचा डोळा चुकतोय. डोळा म्हणजे शेपटीकडची बशीएवढी काच. तिच्यातून प्रकाश सोडून रॉकेट जमिनीचं अंतर मोजतं. मोजणी चुकली, तर उतरताना आपटणार.

"हे नीलेशचंच काम," कंपनीच्या प्रमुख हेमाली राऊत म्हणाल्या. "काचेची जबाबदारी त्याची, आणि दुसऱ्या कंपनीचं नोकरीचं बोलावणंही त्यालाच. संध्याकाळी पोलिसांना बोलावते."

नीलेश तांडेल वंगणाने काळे झालेले हात पुसत होता. "मॅडम, ते बोलावणं मी नाकारलं. रॉकेट उतरल्यापासून काचेला हात लावला नाय." नऊ वर्षांची तेजल बापाला चिकटून उभी होती.

कंपनीने बोलावलेल्या खासगी गुप्तहेर प्रियदर्शिनी सावे काचेपाशी वाकल्या. त्यांचे सोबती नरहरीकाका कण्हत वाकले. काच जेमतेम त्यांच्या कमरेएवढ्या उंचीवर होती.

"स्वच्छ तर आहे," काका म्हणाले.

"तिरकं बघा."

तिरकं पाहताच काचेवर तेलकट थर चमकला. खाली फरशीच्या फटीत तांदळाचे दोन दाणे होते.

"कोणाचा तरी डबा सांडला."

"कच्च्या तांदळाचा? दात बरे आहेत म्हणायचे."

पहारेकरी वामन म्हणाला, "बाहेरचा कोणी आला नाय. रॉकेट उतरल्यावर इथे आणलं त्या दिवशी सगळ्यांची घरची माणसं आलेली, तेवढीच. फोटो काढण्यात गुंग."

सफाई करणाऱ्या कमळीने सांगितलं, "दुसऱ्या दिवशी काचेवर लाल कायतरी होतं. सुक्या फडक्यानं पुसलं मी."

"गंज असेल," काका पुटपुटले.

"काचेला, काका?"

प्रियदर्शिनींनी सगळ्यांना रॉकेटजवळ बोलावलं.

"शत्रूने काच फोडली असती, तेल लावलं नसतं. नीलेशच्या हाताचं वंगण काळं असतं. या थराला खोबरेलाचा वास आहे. तेल, लाल रंग, कच्चे तांदूळ. काका, हे एकत्र कुठे दिसतं?"

काकांचा चेहरा उजळला. "ओवाळणीच्या ताटात."

"नुसतं कुंकू काचेवर टिकत नाही, म्हणून आधी तेलाचं बोट. नीलेश, तुम्हा मच्छीमारांकडे होडी सुखरूप परत आली की काय करतात?"

"हंगामातल्या पहिल्या फेरीवरून परतली की आमी तिला ओवाळतो. कुंकू लावतो." नीलेशचं हात पुसणं थांबलं.

"एकदाच उडून संपणाऱ्या रॉकेटचं असं स्वागत कोणी केलं नसतं. हे घरी परतलं, म्हणून झालं. कुंकू पुसलं गेलं, तेल राहिलं. काच स्पिरिटने पुसा."

"पण लावलं कोणी?" काकांनी विचारलं.

"मोठ्यांना वाकावं लागतं, तिथे ज्याचा हात सहज पोहोचेल अशा कोणीतरी. त्यापुढे मी सांगणार नाही. यात गुन्हाच नाही."

हेमाली नीलेशकडे वळल्या. "माझं चुकलं, नीलेश. घाई केली मी."

तेवढ्यात तेजलने बापाचा हात सोडला. "मी लावलं. आजीच्या पिशवीतलं. पप्पांना काय बोलू नका."

हेमालींनी स्पिरिटचा कापूस तिच्यापुढे धरला. तेजल श्वास रोखून काच पुसू लागली. शेजारच्या पडद्यावर समोरच्या भिंतीच्या अंतराचा आकडा हलला आणि बरोबर मापावर स्थिरावला. काका हसायला लागले.

तेजल थांबली नाही. तिने नवा कापूस मागून घेतला आणि काच पुन्हा कडेपासून पुसायला घेतली.