दुसरी खुर्ची

“दिसेल तेवढंच सांगायचं. पदरचं काही घालायचं नाही,” बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

बाईंची दृष्टी गेली होती. उभ्या आयुष्यात त्यांचा सिनेमा गाजला तो एकच. दुपारचा चहा झाला की सोबतीण तो लावायची आणि पडद्यावर काय चाललंय ते शेजारी बसून सांगायची. एक खोली, टेबल, दोन खुर्च्या, फोन. “येतोय मी,” एवढंच बोलून कुणीतरी फोन ठेवतं, आणि मग तरुणपणीच्या बाई दीड तास दाराकडे बघत बसतात. अख्ख्या सिनेमात दुसरं माणूस नाही.

“कशी दिसतेय मी?”

“घाबरलेल्या.”

“ते मरू दे गं. कंबर बघ, कंबर.”

सोबतीणही घरी एकटीच. दिलेला शब्द मोडायचा नाही, हा तिचा नेम. पण एका दुपारी बाई पुटपुटल्या, “तेव्हाही कुणी आलं नाही, आताही येत नाही.” तिला गलबलून आलं. आणि ती बोलून गेली, “समोरच्या खुर्चीत कुणीतरी बसलंय, बाई. सोबतीला.”

 बाईंनी चाचपत तिचा हात धरला. “सोडून नाही ना जायची?”

“नाही. शब्द देते.”

दुसऱ्या दिवशी पडद्यावरची ती खुर्ची टेबलापासून जराशी ओढलेली होती. आपणच आधी नीट पाहिलं नसेल, अशी तिने मनाची समजूत घातली. तिसऱ्या दिवशी टेबलावर आणखी एक कप. चौथ्या दिवशी खुर्चीत एक बाई बसली होती, पाठमोरी. आता पदरचं घालायची गरजच उरली नाही.

रोज ती थोडी थोडी वळत होती.

आधी कान. मग गालाची कड. कानामागे भाजल्याचा डाग.

सोबतिणीचा हात आपसूक स्वतःच्या कानामागे गेला.

बरं नाही असं कळवून ती घरी राहिली. बाईंकडे बदलीवर दुसरी गेली. तिसऱ्या दुपारी तिचाच फोन आला.

“ताई, यांनी दोन दिवस अन्नाला हात लावलेला नाही. सिनेमात दोघी असतात, असा हट्ट धरून बसल्यात. मला तर पडद्यावर एकटीच दिसते. रिकाम्या खुर्चीला धरून नुसती रडत असते.”

“सिनेमात त्या रडत नाहीत,” सोबतीण हळूच म्हणाली.

“आता काय सांगू तुम्हाला. दीड तास रडतेय.”

तिने फोन ठेवला. गॅस बंद केला, खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं. पिशवी काही घेतली नाही. शेजारीण दारातच उभी होती.

“भरदुपारी कुठे निघालात?”

“बाईंकडे. शब्द दिलाय.” तिने किल्ली पुढे केली.

“मग किल्ली कशाला देताय? संध्याकाळी याल ना?”

तिने किल्ली शेजारणीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं अलगद मिटवली.

“कुंडीतलं रोप तेवढं तुमच्याकडे घेऊन जा,” म्हणाली, आणि सावकाश जिना उतरू लागली.