फसलेला तास

पैठण रोडवर त्या दिवशी ट्रकांची रांग लागली होती. बिडकीनच्या फाट्यावर पुढची रिक्षा मिळेना, वरून ऑगस्टची झड. शाळेत पोचायला मला पंचवीस मिनिटं उशीर झाला. खरं सांगायचं तर उशिराचं मला काही वाटेनासंच झालं होतं. अकरा वर्षांची नोकरी, रोज शहरातून अपडाऊन, वर्गात पाय ठेवते न ठेवते तोच मोबाईलवर ‘माहिती तातडीने पाठवा’... मुलं आपली आपण मोठी होतात, अशी मी मनाची समजूत घालून टाकली होती.

सहावीच्या दारात आले आणि थबकले. माझ्या फळ्यासमोर एक अनोळखी माणूस उभा होता. बाह्या दुमडलेल्या, केस पावसानं ओले, हातभर खडूची पांढरी पूड. अर्धा अधिक पाव, असं अपूर्णांकांचं गणित तो समजावत होता आणि साफ फसत होता.

“सर, अर्धा अन् पाव मिळून पाऊण व्हतं, ते मला म्हाईत हाय,” सायली उभी राहून म्हणाली. आईबरोबर आठवडी बाजारात भाजी विकायला बसणारी पोर ती. “पण वहीत दोन छेद सहा येतंय. ते कसं काय?”

त्यानं पुन्हा समजावलं. पुन्हा दोन छेद सहा. तिसऱ्यांदाही तेच. शेवटी त्यानं खडू खाली ठेवला आणि हसला. “मला काय नीट जमलं नाही बघा. तुमच्या मॅडम कसं शिकवतात?”

“मॅडम फळ्यावर लिवतात,” सायली म्हणाली. “आमी उतरून घेतो.”

वर्गात कुणी हसलं नाही. मुलांसाठी ते रोजचंच होतं. माझ्या छत्रीचं पाणी पायांवर गळत होतं आणि मला वाटलं, आल्या पावली परत जावं. तेवढ्यात त्याचं लक्ष गेलं.

“या मॅडम... तुमची जागा अडवली मी. मी अभय. आजच रुजू झालोय.”

त्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान मला रागावता तरी आलं असतं.

*

आमच्या शाळेत मुख्याध्यापकाची खुर्ची दोन वर्षं रिकामी होती. सगळ्यांत ज्येष्ठ मोतीराम सर. पण त्यांनी ‘कार्यभार नको’ असं लेखीच दिलेलं. आम्ही उरलेले सहा जणही काही कमी चतुर नव्हतो. नवा माणूस दिसताच सगळ्यांनी मिळून ते लोढणं त्याच्या गळ्यात बांधलं. देवगाव रंगारीकडचा, माझ्याहून जेमतेम दोन वर्षांनी मोठा असलेला हा माणूस निमूट सही करून मोकळा झाला.

दुसऱ्याच दिवशी त्यानं सांगितलं, “ऑनलाइन माहिती, खिचडीचा हिशोब, टपाल... सगळं मी बघतो. तुम्ही फक्त वर्गात जा.”

मोतीराम सर बाहेर येऊन माझ्या कानाशी पुटपुटले, “मॅडम, न शिकवायला एकच निमित्त व्हतं आपल्याकडं. ते बी काढून घेतलं की ह्या माणसानं!”

मग आला शनिवार. सकाळची शाळा सुटली, मुलं घरी गेली, आणि अभय सरांनी आम्हाला सहावीच्या वर्गात बोलावलं. मुलांच्या बाकांवर बसायचं, चहा प्यायचा आणि प्रत्येकानं आपला आठवड्यातला एक फसलेला तास सांगायचा. कुणी विचारल्याशिवाय कुणी सल्ला द्यायचा नाही, आणि वर्गातलं वर्गातच राहील.

कोण बोलणार? सगळे कपात बघत राहिले. तेव्हा सर स्वतःच म्हणाले, “पहिला माझा.” आणि त्यांनी तो अपूर्णांकांचा तास सांगितला. कुठं घाई केली, सायलीचा प्रश्न कसा कळलाच नाही, सगळं. माझे कान तापले होते. आता ते वाक्य येणार... ‘आमी उतरून घेतो.’ मी बाकाची कड घट्ट धरली.

ते वाक्य आलं नाही. त्यांनी तास तिथंच संपवला, सगळी चूक स्वतःच्या नावावर घेतली आणि चहाचा घोट घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

लोक विचारतात, प्रेम कधी जडलं. मला तारीख सांगता येते. तो शनिवार होता.

*

मी शिकवायला लागले. असं लिहिताना लाज वाटते, पण तेच खरं आहे. वाण्याकडून जुना तराजू आणि वजनं मागून आणली, पोरांना पावाची वजनं मोजायला लावली. एका पारड्यात अर्धा किलो, दुसऱ्यात दोन पाव. काटा मधोमध थांबला आणि सायली ओरडली, “मॅडम! अर्धा म्हंजी दोन पाव, अन् वरचा एक... तीन पाव! म्हणून तीन छेद चार!” त्या रात्री मला आनंदानं लवकर झोप लागली नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

तिकडं मोतीराम सर चौथीला अंगणात बसवून गोष्टी वाचून दाखवायला लागले. आवाज असा काढायचे की रस्त्यावरची माणसं कुंपणाशी थांबत. अभय सर कधी कुणाला ‘असं करा’ म्हणाले नाहीत. नुसते वऱ्हांड्यातून जात, दाराशी क्षणभर उभे राहत, आणि डोळ्यांत असं काही असे की माणसाला वाटावं, आपण हे करू शकतो.

संध्याकाळी फाट्यावर आम्ही दोघं एकाच काळीपिवळी जीपची वाट बघत असू. तेही शहरातच खोली घेऊन राहत. समोरून कारखान्यांचे ट्रक जायचे, चिखल उडायचा, आणि ते नकळत माझ्या आणि रस्त्याच्या मध्ये येऊन उभे राहायचे.

“सर, एक विचारू?” एकदा मी म्हणाले. “माझ्या गोपनीय अहवालात काय लिहिणार तुम्ही?”

“गोपनीय असतं ते.”

“थोडंसं तरी...”

“अक्षर चांगलं आहे म्हणून लिहीन.”

“एवढंच?”

भुरभुर पाऊस त्यांच्या चष्म्यावर साठला होता. “बाकीचं,” ते हळूच म्हणाले, “अहवालात लिहिता येत नाही. आणि अहवाल लिहिणाऱ्याला... बोलताही येत नाही.”

जीप आली. त्यांनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः पुढं ड्रायव्हरजवळ जाऊन बसले. घरापर्यंत मी त्यांच्या ओल्या कॉलरकडं बघत होते. आईनं ताट वाढताना विचारलं, “काय गं सरिता, पगार वाढला का लॉटरी लागली?”

*

डिसेंबरात सरांना दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पुण्याला जावं लागलं. तिसऱ्या दिवशी मी वर्गात परिमिती शिकवत होते. तराजू नव्हता, दोरी नव्हती. फळ्यावर लिहीत होते आणि मुलं उतरून घेत होती. हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

“मॅडम,” सायली म्हणाली, “सर पुण्याला गेलेत. तुमी दाराकडं कामून बघता सारखं?”

माझ्या हातातला खडू तसाच राहिला. चार महिने मी कुणासाठी शिकवत होते? या पोरांसाठी, की दारातल्या त्या क्षणभराच्या नजरेसाठी? तो माणूस उद्या बदलून गेला तर सायलीच्या वहीत पुन्हा दोन छेद सहा येणार? मला स्वतःचीच भीती वाटली. त्याच्यावरच्या प्रेमाची नव्हती वाटली... त्या प्रेमावर टेकू देऊन उभ्या असलेल्या माझ्यातल्या शिक्षिकेची वाटली.

सर परतले तो शनिवार. चहा झाला. मोतीराम सरांनी त्यांचा तास सांगितला. माझी पाळी आली. काहीतरी किरकोळ सांगून सुटता आलं असतं. पण त्या बाकांवर आम्ही चार महिने खोटं बोललो नव्हतो.

“माझे दहा दिवस फसले,” मी म्हणाले. “मी दाराकडं बघत शिकवते. दारात कुणी नसलं की... मला शिकवता येत नाही.”

कुणाला काही विचारायची गरज नव्हती. मोतीराम सरांनी चष्मा काढून धोतरासारखा लांबलचक रुमाल घेतला आणि काचा पुसत बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान मी खाली घातली नाही.

अभय सरांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले, “मग तो तास तुमचा नाही फसला, मॅडम. माझा फसला.”

*

सगळे गेल्यावर अभय सर अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे होते. नेहमीसारखे नव्हते, शब्द शोधत होते.

“अजिंठ्याकडं एक शाळा आहे. चार शिक्षक, चौघांनाही तिथून सुटायचंय. शिक्षणाधिकारी साहेबांनी दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हणालो. कशासाठी नाही म्हणालो ते... तुम्हाला माहीत आहे. आता हो म्हणणार आहे.”

“म्हणजे मी खरं बोलले त्याची शिक्षा?” माझा आवाज चढला.

“शिक्षा नाही हो. मी इथं असेपर्यंत तुमचा अहवाल मीच लिहिणार. तोवर मी काहीही विचारलं तर तुम्हाला मोकळेपणानं ‘नाही’ म्हणता येणार नाही. आणि तुम्ही ‘व्हय’ म्हणालात तरी ते कुणाला म्हणालात, मला, की अहवाल लिहिणाऱ्या साहेबाला... हे दोघांनाही कळणार नाही.”

“आणि तुम्ही गेल्यावर ही शाळा पहिल्यासारखी झाली तर?”

“तर मी इथं काहीच केलं नव्हतं, असं समजायचं.”

मला राग आला होता. राग अशासाठी, की त्यांचं बरोबर होतं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. पोरांनी त्यांच्या मुठी तिळगुळानं भरून टाकल्या. मीही एक वडी दिली. “गोड बोला” म्हणायचं राहूनच गेलं. त्यांनी ती वडी तोंडात टाकली नाही. रुमालात बांधून खिशात ठेवली.

पुढचा शनिवार. शाळा सुटली आणि सगळ्यांनी पिशव्या उचलल्या. मी सहावीच्या वर्गात एकटीच जाऊन बसले. रिकामे बाक, रिकामं दार... रडू आवरेना. पाचेक मिनिटांनी चपलांचा आवाज आला. फाटकापर्यंत गेलेले मोतीराम सर परत आले होते.

“चहा तरी सांगा,” ते समोर बसत म्हणाले. “माझा लई मोठा तास फसलाय. तीस वर्षांचा.”

सोमवारी त्यांनी कार्यभार स्वीकारल्याच्या कागदावर सही केली. त्या शनिवारनंतर बाकांवर एकेक जण वाढत गेला.

अभय सरांचा फोन आला नाही. मीही केला नाही. फक्त दर शनिवारी दुपारी मोबाईलवर एक ओळ यायची: ‘आज इथं दोघं बोलले.’ ‘आज माझाच तास फसला.’ मी उत्तर द्यायची: ‘इथंही.’ त्या एका ओळीवर मी आठवडा काढायची. कुणी याला प्रेमपत्र म्हणणार नाही. माझ्यासाठी मात्र तेच होतं.

*

जुलै उजाडला. सायलीचा वर्ग आता सातवीत. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता आणि आत आमचं भांडण जुंपलं होतं.

“मॅडम, पावाचं अर्धं म्हंजी आदपाव, मान्य!” सायली हात उडवत होती. “पण गुणाकार केल्यावर वाढायला पाह्यजे ना? इथं तर कमी झालं! गुणलं अन् कमी कसं झालं?”

“मग तूच सांग, कसं झालं?”

“पुस्तक चुकलंय!” मागून एक आवाज.

“तराजू आणा!” दुसरा.

तराजू आला. पारडी वरखाली झाली. कुणी चहापत्तीचा पुडा फोडला, कुणी कागदाच्या घड्या घातल्या. सोळा पोरं माझ्याभोवती, चौघं टेबलावर. मध्येच कुणी खोकलं. “खोकू नका रे, काटा हलतो!” मी ओरडले. शेवटी एका पोरीनं कागदाचा चौकोन मधोमध, मग पुन्हा मधोमध, आणि मग आणखी एकदा दुमडून उलगडला. एकाचे आठ तुकडे. “पावाचं अर्धं घेतलं... गुणलं कुठं, त्यातलं घेतलंच की आपण!” सगळे एकदम बोलायला लागले.

“मॅडम,” सायलीनं माझी ओढणी ओढली. “सर कव्हाचे उभे हायत.”

मी वळले. दारात अभय सर होते. बाह्या दुमडलेल्या, केस ओले, पायांशी छत्रीतल्या पाण्याचं थारोळं साचलेलं.

“किती वेळ...?”

“वीस मिनिटं.”

“हाक मारायची की.”

“खोकलो मी.” ते हसले, पण डोळे भरले होते. “तुम्ही रागावलात.”

तास संपला तसे आम्ही वऱ्हांड्यात आलो. मी विचारलं, “आज कामाचा दिवस. रजा टाकलीत?”

“किरकोळ रजा.”

“कारण काय लिहिलंत?”

“खासगी.” त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसायचा म्हणून, पण नुसताच हातात धरला. “मार्च संपला, माझ्या काळातला अहवालही लिहून झाला. तुमचा अहवाल आता मोतीराम सर लिहितात. म्हणून आता विचारतो... वीस मिनिटं तुम्ही दाराकडं बघितलं नाहीत. मी उभा राहून तुम्हाला बघत होतो, आणि इतका आनंद मला कुठल्याच शाळेत झाला नव्हता. सरिता, माझ्याशी लग्न कराल? नाही म्हणायला मोकळ्या आहात.”

कुणीतरी पहिल्यांदाच मला मोकळं करून मग विचारलं होतं.

“व्हय,” मी म्हणाले. “आणि हे साहेबाला नाही म्हणाले.”

ऑफिसच्या खिडकीतून मोतीराम सरांनी घंटेकडं बोट केलं. पुढचा तास सुरू झाला होता.

“थांबाल?” मी विचारलं.

“थांबलोच आहे की.”

मी वर्गात गेले, खडू घेतला आणि फळ्यावर एक छेद आठ लिहिलं. सायली दाराकडं बघत होती, मग माझ्याकडं, मग पुन्हा दाराकडं.

“सायली,” मी म्हणाले, “इकडं लक्ष दे. ते कुठं जात नाहीत.”