एका टिळ्याची रॅम

"कॉम्प्युटर जोडणं हे लग्न जुळवण्याइतकं गंभीर काम आहे!" चैत्रालीनं जाहीर केलं. "एक गुण चुकला, तर जन्माचं वाटोळं!"

चैत्राली तेरा वर्षांची होती आणि तिनं आजवर लग्न किंवा कॉम्प्युटर यांपैकी एकही जुळवलेलं नव्हतं. पण दसऱ्याच्या सुट्टीत तिनं इतके व्हिडिओ पाहिले होते, की जैनथ गावच्या त्या घरात तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. तिचा भाऊ भार्गव घालायचा, पण तो दहा वर्षांचा होता. त्याचं मत कुणी विचारात घेत नसे.

दोघं आदिलाबादहून मोठ्या काकांकडे सुट्टीला आले होते. उद्धवकाका महसूल खात्यातून गिरदावर, म्हणजे जमिनीच्या हद्दी तपासणारे अधिकारी, म्हणून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा जयदीप चौदा वर्षांचा, आणि मुलगी सपनाताई. सगळी धावपळ चालली होती ती सपनाताईसाठी.

सपनाताई कार्टून फिल्म करायला शिकली होती. नागपूरच्या एका कंपनीनं तिला सांगितलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक छोटी फिल्म पाठव. आवडली तर घरबसल्या नोकरी. फिल्म बरीचशी तयार होती, आणि पेनड्राइव्हमध्ये अडकली होती, कारण जुन्या लॅपटॉपनं भाद्रपदातच राम म्हटला होता. फिल्म गेली नाही, तर काकांनी भीमपूरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता.

"खुर्ची पक्की, पंखा पक्का. आनखी काय पायजे मानसाले?" काका म्हणत.

 सपनाताई नखं खात असे, आणि आता खाण्याजोगी फार उरली नव्हती.

म्हणून अष्टमीला मुलांनी आदिलाबादला महिपतच्या कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन एकेक पार्ट निवडला.

"माणसांत सगोत्र चालत नाही," चैत्राली समजावत होती, "इथं सगोत्रच लागतं! प्रोसेसरचं आणि मदरबोर्डचं सॉकेट एक पाहिजे. मदरबोर्ड चार नंबरची रॅम मागतो, तर चारचीच द्यायची. पॉवर सप्लाय सगळ्यांना पुरून उरेल असा, आणि कॅबिनेटमध्ये सगळं वऱ्हाड मावलं पाहिजे."

"अन् ग्राफिक्स कार्ड?" जयदीपनं विचारलं.

"नको. चित्र दाखवायची सोय प्रोसेसरच्या पोटातच आहे."

"म्हणजे चित्राचं काम झालं!"

"झालं! आणखी काही लागत नाही."

संध्याकाळी खोकी घरात आली, तेव्हा उंबऱ्यातच तुळजाबाई आत्यांनी त्यांना अडवलं. या उद्धवकाकांच्या मोठ्या बहीण. घरात येणाऱ्या प्रत्येक वस्तूला त्या कुंकवाचा टिळा लावत. गॅसचं सिलेंडरही त्यातून सुटत नसे. खोकी उघडायला लावून त्यांनी आतल्या एकेका पाकिटाला टिळा लावला.

"आज जोडू नका रे पोट्टेहो. उद्या खंडेनवमी. सगळ्या हत्यारायची पूजा हाये. तुमचं हत्यार बी ठेवा. दशमीले सीमोल्लंघन झालं का उचला."

"आत्या, तोवर हातच लावायचा नाही?" चैत्रालीचा आवाज चिरकला.

"पूजेतल्या हत्याराले हात लावते का कोनी?"

नवमीला दुपारी पूजा मांडली गेली. विळे, शिलाईचं मशीन, जयदीपची सायकल आणि काकांची जमीन मोजायची जरीब. ही साखळी ते एरवीही वर्षभर वापरत नसत, त्यामुळे तिला नियम पाळायला सोपं होतं. मधोमध कॉम्प्युटरचे पार्ट.

"खोके उघडून ठेवा," काका म्हणाले. "देवीले पुठ्ठा दाखवता का?"

आत्यांची हळद-कुंकवाची बोटं आज पिशवीच्या तोंडातून थेट आतल्या मदरबोर्डकडे निघाली.  एक चिमूट कुंकू सॉकेटमध्ये, आणि सपनाताई भीमपूरला!

"आत्या, पिशवीवरून! प्लॅस्टिकवरून लावा! ते... ते सोवळ्यात आहे!"

सोवळं म्हटल्यावर आत्या थबकल्या. टिळे पिशव्यांवर लागले. चैत्रालीनं सुस्कारा सोडला, आणि तेवढ्यात तिला दोन गोष्टी खटकल्या.

पहिली म्हणजे उद्धवकाका गुणगुणत होते. काका गुणगुणायला लागले, की ते कुणाचं तरी परस्पर भलं करून आलेले असत.

दुसरी गोष्ट तिनं आरती चालू असतानाच भार्गवच्या कानात सांगितली. "प्रत्येक पाकिटावर टिळे किती?"

"दोन. एक कालचा वाळका, एक आजचा ओला."

"आता रॅम बघ."

भार्गवचे टाळी वाजवणारे हात हवेतच राहिले. रॅमच्या पाकिटावर एकच टिळा होता. ओला!

"कालचा कुठं गेला?"

"टिळा नाही गेला," चैत्राली कुजबुजली. "पाकीटच गेलंय!"

हात लावायची सोय नव्हती, आणि आत्यांचा टिळा नेमका नंबरावर बसला होता. मग जयदीपनं आरतीचा फोटो काढायच्या मिषानं ताटाजवळ मोबाईल नेला. परसात तिघं फोटो मोठा करून बघत बसले.

"पाकिटातून दिसते ती खाच बघ," चैत्राली म्हणाली. "चारच्या रॅमची खाच मधून जरा बाजूला असते. ही जवळजवळ मधोमध आहे. ही पाचची! आपल्या बोर्डात जन्मात बसणार नाही!"

"चोरी!" भार्गव ओरडला.

"अय्यो, हळू! चोर बरोबर तशीच दिसणारी वस्तू ठेवून जातो का?" जयदीप विचारात पडला. "सकाळी झेंडू आणायला आदिलाबादला कोण गेलं होतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. घरातून गुणगुणण्याचा आवाज येत होता.

"सरळ विचारलं तर बाबा कबूल होणार नाहीत," जयदीप म्हणाला. "त्यांना डिवचावं लागते. या माझ्यासंगं."

काका बंगईवर झोके घेत पान लावत होते. जयदीप त्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला, "चैत्राली, तू म्हणते तेच खरं. चारचीच रॅम भारी. पाचची म्हणजे नुसती जाहिरात."

काकांचा चुना लावणारा हात थांबला. "कोन म्हनते?"

"सगळेच म्हणतात, काका," चैत्राली निरागसपणे म्हणाली.

"सगळे गाढव हायेत! चारापेक्षा पाच मोठे, हे पयलीतल्या पोराले कळते! म्हनून तर मी सकाळी महिपतकडून बदलून..."

काका थांबले. बंगईही थांबली. दारात सपनाताई उभी होती.

"बाबा, बदलून आणली? कोणाला विचारून?"

"सरप्राइज देऊन राह्यलो होतो," काका पानाकडे बघत म्हणाले.

 आत जाऊन सपनाताईनं भीमपूरची बस किती वाजता सुटते, ते बघायला मोबाईल काढला.  चैत्रालीनं महिपतला फोन लावला, आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

"दुकानाची पूजा झाली ना बाई," महिपत म्हणाला. "तुमची रॅम बी पूजेत हाये. दशमीच्या संध्याकाळपर्यंत मी हात नाई लावत. अन् उद्या दुपारीच मी सासरी चाललो, पैनगंगेच्या पल्याड. चार दिवस दुकान बंद."

फोन बंद झाला. 

चैत्राली विचार करत होती. वाळका टिळा! ती काकांपुढे जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही गिरदावर होता ना? एक हद्दीचा वाद आहे. एका वस्तूवर आपल्या आत्यांचा टिळा आहे, आणि ती दुसऱ्याच्या पूजेत जाऊन बसली आहे. हक्क कुणाचा?"

काका ताठ झाले. निवृत्त झाल्यापासून त्यांना हद्दीचा वाद कुणी आणून दिला नव्हता.

"कब्जा त्याचा, हक्क आपला!" ते गरजले. "अरे, पयला टिळा हाच पयला दाखला! अक्का, तू काय म्हनते?"

"माह्या टिळ्याची वस्तू म्हनजे माह्या पूजेतली," आत्या म्हणाल्या. "ते कधी उठवायची, ते मी सांगीन. तो महिपत कोन? लाव फोन!"

त्या फोनवर काय बोलल्या ते सगळं इथं देण्यासारखं नाही. शेवटी महिपत कबूल झाला: उद्या सासरी जाताना पुलावरून जाईन, तिथं रॅम देईन. स्कूटर थांबवणार नाही, कारण बायको मागं बसलेली असेल.

दशमीला दुपार कलताच अर्धं जैनथ पैनगंगेच्या जुन्या पुलावर लोटलं. नदी हीच सीमा. पुलाच्या मध्यापर्यंत तेलंगणा, पुढं महाराष्ट्र. चार पावलं टाकली की सीमोल्लंघन झालं. लोक जम्मीची, म्हणजे शमीची, पानं सोनं म्हणून एकमेकांना देत होते, मिठ्या मारत होते, मोठ्यांच्या पाया पडत होते. मुलं पुलाच्या तोंडाशी डोळ्यांत तेल घालून उभी होती. स्कूटर येत होत्या, जात होत्या. महिपत नव्हता!

"आला नाही तर?" भार्गवनं विचारलं.

"गप!" चैत्राली आणि जयदीप एकदम म्हणाले.

"पण तो तर गेला!" भार्गवनं पलीकडे बोट दाखवलं. मागं पिवळी साडी बसवून एक स्कूटर महाराष्ट्रात शिरत होती. गर्दीच्या दुसऱ्या अंगानं!

तिघं पलीकडच्या गर्दीत उभ्या काकांकडे धावले. "काका, महिपत भेटला? काय दिलं?"

"सोनं दिलं. म्हने, घ्या साहेब, सोनं! अन् निघून गेला. रॅमचं विसरलाच दिसते."

"सोनं जाड होतं का?" चैत्रालीनं विचारलं. 

"हो, जरा जाडच होती जुडी. दोऱ्यानं बांधलेली..." काकांचा चेहरा उतरला. "आँ?"

"कुठं आहे ती जुडी?"

"गुरुजी समोर आले. मोठे हायेत. त्यायले देऊन पाया पडलो!"

गुरुजींनी ती जुडी जुन्या सरपंचांना दिली होती. सरपंचांनी आणखी कुणाला तरी. पुलावर शेकडो हात, हातोहात सोनं, आणि त्यांत कुठंतरी सपनाताईची नोकरी फिरत होती! जयदीप डावीकडे धावला, भार्गव उजवीकडे.

"थांबा!" चैत्राली ओरडली. "असं नाही सापडणार. सोनं लहान माणूस मोठ्याला देतो. म्हणजे जुडी खाली येतच नाही, वरच चढते! या पुलावर सगळ्यात म्हातारं कोण आहे?"

"दादाजी!" जयदीप म्हणाला.

दादाजी पुलाच्या कठड्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. गावात त्यांच्याहून मोठं कुणी नव्हतं, त्यामुळे ते सोनं फक्त घेत. पुढ्यात चादर अंथरलेली, तिच्यावर पानांचा ढीग. आणि दरवर्षीप्रमाणे त्यांचे दोन नातू चादरीची टोकं उचलून तो ढीग पैनगंगेत सोडायला निघाले होते!

"थांबा! ओ, थांबा!"

पुलावर वाजणाऱ्या ढोलापुढं कुणाला ऐकू जाणार? चादर कठड्यावर टेकली. पानं सरकायला लागली. एक जुडी घसरत घसरत काठावर आली. जाड, दोऱ्याची! चैत्रालीनं शेवटची चार पावलं कशी टाकली, ते तिलाही नंतर सांगता आलं नाही. तिनं चादरीचं टोक दोन्ही हातांनी खेचलं आणि ढिगासकट दादाजींच्या पायांवर जाऊन पडली.

"औक्षवंत हो," दादाजी म्हणाले. एवढा जोरदार नमस्कार त्यांना बऱ्याच वर्षांत कुणी केला नव्हता.

दोरा सोडला. पानांच्या आत पाकीट होतं, आणि पाकिटावर टिळा. वाळका!

घरी येताच आत्यांनी पूजा उठवली. जयदीपनं कॅबिनेट धरलं, भार्गवनं टॉर्च, आणि चैत्रालीनं श्वास रोखून रॅम खाचेवर टेकवून दाबली. टक्! बसली! बटण दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग पंखा फिरला, आतला दिवा लागला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. सपनाताईनं चैत्रालीला उचललंच.

"पोरीनं डोकं लावलं!" काका म्हणाले. "आमच्या खात्यात असती, तर अख्ख्या तालुक्यात हद्दीचा वाद उरला नसता. चूक माही होती, हे बी लिहून घ्या."

आत्यांनी तिघांच्या हातावर साखर ठेवली आणि कॅबिनेटला आणखी एक टिळा लावला. प्लॅस्टिकवरूनच.

"चाल, आता दाखव ते फिल्म," काका म्हणाले.

"दाखवते," सपनाताई म्हणाली आणि टेबलाकडे वळली. टेबलावर कॅबिनेट होतं, कीबोर्ड होता, माऊस होता. त्यांच्यामागं भिंत होती.

सगळे बराच वेळ त्या भिंतीकडे बघत राहिले.

सपनाताईची फिल्म दुसऱ्या दिवशी वेळेत नागपूरला पोचली आणि कंपनीला आवडली. ती पुरी केली बैठकीतल्या टीव्हीवर, आत्यांची मालिका बंद ठेवून. मॉनिटर अजून आणलेला नाही.