दादाभाऊचं कार्ड

तालुक्यातल्या जुन्या टेनिस बॉल गोलंदाजांची पोस्टकार्डं काढायची, हे क्रीडा मंडळाचं खूळ. बारा गोलंदाज. पुढं फोटो, मागं त्या काळच्या पंचाचे दोन शब्द. लोक हौसेनं अख्खा संच जमवायला लागले. बहुतेक मॅचना पंच मीच असायचो, म्हणून लिखाणाचं झेंगट माझ्या गळ्यात.

बारावं कार्ड दादाभाऊचं. त्याच्या बायकोनं, गजराबाईनं, फोटो आणून दिला. बॉल छातीशी धरून उभा असलेला दादाभाऊ.

"सावळेराम भाऊ, मरून दोन वर्सं झाली, तरी लोक अजून फेक्याच म्हनत्यात त्यांला. तेवढं पुसा," ती म्हणाली.

ते नाव माझ्यामुळंच पडलेलं. सत्त्याण्णवची फायनल, ओझरचं मैदान. दादाभाऊनं माझ्या चुलतभावाची दांडी उडवली आणि मी हात आडवा केला. नो बॉल, फेकतोय! चेंडू स्वच्छ होता. कप आमच्या गावाला आला. तो पुन्हा खेळला नाही, मेंढरांमागं गेला.

खरं लिहायचं तर माझी अब्रू जाणार. मी लिहिलं, 'शैली वादग्रस्त होती.'

पाचशे कार्डं छापून आली. फोटोत दादाभाऊचा हात खांद्यापर्यंत वर. मी प्रेसवाल्या सोनलला झापलं.

"काका, तुम्ही दिलेलाच फोटो लावलाय."

तिला मोबाइलवरून पाठवलेला मूळ फोटो उघडला. बॉल छातीशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्डावर हात डोक्याच्या वर. मोजणी खात्यात एकतीस वर्षं काढलीत मी, भुताखेताच्या गप्पा मला सांगू नयेत कुणी. फूटपट्टी लावली. खांदा, कोपर, मनगट एका रेषेत, फेकणाऱ्यासारखं कोपर कुठं वाकलेलं नाही. गठ्ठा बांधला आणि म्हटलं, मरू दे तिकडं.

रविवारी जुन्नरच्या हॉलमध्ये प्रकाशन. गठ्ठा सोडला.

बॉल सुटलेला.

दादाभाऊ वळून पंचाकडं बघत होता.

माझ्याकडं.

कार्ड हातात घेऊन गजराबाई स्टेजवर आली. कुणीतरी तिला मागचं वाचून दाखवलं होतं.

"वादग्रस्त म्हंजी काय वो, भाऊ?"

मी टेबलावरचा गठ्ठा सारखा करायला लागलो.

"लिवलं न्हाई, ते ऱ्हाऊ द्या. तोंडानं तरी सांगा." तिनं हात जोडले.

लाज वाटली. खरंच वाटली. माईक धरला आणि बोललो. "चेंडू चांगला होता. मी खोटा नो बॉल दिला."

ती तशीच उभी.

"सांगा की, भाऊ."

पुन्हा सांगितलं. मग ओरडून, चुलतभावाचं नाव घेऊन सांगितलं.

"सांगा की."

शेवटी ती कठड्याला धरून खाली उतरली. माणसं चहाकडं वळली.

घरी सून हर्षालीचा पारा चढलेला. रात्रीचं ताट वाढलं आणि पुढ्यात मोबाइल आपटला.

"आण्णा, एवढी म्हातारी बाई हात जोडत होती. एक शब्द बोलला असतात तर काय झिजलं असतं तुमचं?"

प्रकाशनाचा व्हिडिओ चार मिनिटांचा आहे. पंख्याची घरघर ऐकू येते, खुर्च्या सरकलेल्या ऐकू येतात, गजराबाई ऐकू येते. मी माईक धरून उभा आहे.

ओठ मिटलेले.