हाताला कळतं

अपघात झालेल्या गाड्या तपासणं हे माझं काम. विमा कंपन्या मला बोलावतात. पत्रा कुठून दबला, काच आतून फुटली की बाहेरून, ब्रेकच्या खुणा कुठं सुरू होतात, हे बघायचं आणि अपघात सांगितलाय तसाच झाला का ते सांगायचं. नांदेडपासून लोहा, अहमदपूर, चाकूर आणि पुढं लातूरपर्यंतचा रस्ता मला माझ्या अंगणासारखा पाठ आहे. या धंद्यानं माणूस संशयी होतो, असं उज्वला लग्नापासून म्हणत आलीय. तिच्यावरच संशय घ्यायची वेळ येईल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

आमच्या लग्नाची गोष्ट ही घरात हसून सांगायची गोष्ट होती. मुलगी बघायला मी चाकूरला गेलो आणि चुकीच्या घरात शिरलो. जायचं होतं पंचाक्षरी मास्तरांकडं. गावात शिरल्यावर रस्त्याला दोन फाटे फुटतात. उजव्या बोळात कुणाचा तरी ट्रॅक्टर आडवा उभा होता. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "डावीकडं घे, पुढून वळसा असेल." पुढं ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याला पंचाक्षरींचं घर विचारलं, त्यानं समोरचं दाखवलं. आत गेलो तर "या, या" झालं, पाय धुवायला पाणी आलं, मुरमुरे भिजवून फोडणी दिलेला सुशीला आला. ताटल्या रिकाम्या झाल्यावर माझ्या मामानं मुलीच्या शिक्षणाचा विषय काढला, तेव्हा उलगडा झाला की हे पंचाक्षरी वेगळे. किराणा दुकानवाले. मास्तर दुसऱ्या बोळात आमची वाट बघत बसले होते.

तोवर पाण्याचा तांब्या घेऊन उज्वला येऊन गेली होती. मी मामाच्या कानात सांगितलं, "हेच घर."

एवढीच गोष्ट. डावीकडं म्हणालो म्हणून उज्वला, म्हणून आमची वर्षाराणी, म्हणून नांदेडच्या तरोड्यातलं हे घर. मला ते आवडायचं. आपलं आयुष्य आपल्या एका शब्दावर वळलं, असं वाटायचं.

मागच्या उन्हाळ्यात भागवत घरी आला. हा माझा कॉलेजातला मित्र, अहमदपूरचा. जेवताना तीच गोष्ट पुन्हा निघाली, कारण त्या दिवशी तोही बरोबर होता. हसणं थांबल्यावर तो म्हणाला, "सिद्ध्या, एक गोष्ट मला कधीच कळली न्हाई. माझ्या ताटलीत शेंगदाणे कसे काय नव्हते?"

भागवतला शेंगदाणा चालत नाही. एक दाणा पोटात गेला तरी त्याचा गळा सुजतो.

"तू सांगितलं असशील," मी म्हणालो.

"कधी सांगणार? बसलो तवा ताटल्या पुढं आलेल्याच होत्या. तुमच्या समद्यांच्या सुशील्यात दाणे. माझ्यात न्हाई. मी म्हणलं, बरं झालं, आन् खाल्लं."

मी उज्वलाकडं बघितलं. ती वाढता वाढता थांबली होती.

भागवत गेल्यावर मी एकटाच बसून ते आठवत राहिलो. भागवत आमच्याबरोबर येणारच नव्हता. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर चहाला थांबलो, तिथं तो अचानक भेटला आणि मी त्याला गाडीत ओढला. आम्ही घरून निघालो तेव्हा चौघं होतो. चाकूरला उतरलो ते पाच. आणि त्या घरात ताटल्या पाचच होत्या.

एखाद्या गाडीच्या दाव्यात असा तपशील दिसला असता, तर मी पहिल्याच पानावर शेरा मारला असता, हा अपघात नाही.

"त्या दिवशी तुमच्याकडं कोण येणार होतं?" मी उज्वलाला विचारलं.

"कुणीच न्हाई."

"मग?"

"आईला विचारा," ती म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मी चाकूरला गेलो. सासरे वारले त्याला बरीच वर्षं झाली. माझ्या सासूबाई नीलाबाई, मी त्यांना मामी म्हणतो, पडवीत वाल सोलत बसल्या होत्या. मी आधी भलतंच विचारलं, तो ट्रॅक्टर कुणाचा होता. माझा संशय साधा होता. यांनीच तो आडवा लावला, म्हाताऱ्याला बसवून ठेवला आणि मास्तरांचं स्थळ पळवलं. गावात असल्या गोष्टी होतात. असं काही निघालं असतं तर मी हसून माघारी आलो असतो.

"ट्रॅक्टर?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं कधी सायकल बी नव्हती, बापू."

"मामी, मग पाच ताटल्या कशा?"

त्यांनी वालाची शेंग सोलली, दाणे सुपात टाकले.

"हाताला कळतंय. मला न्हाई कळत. सकाळी झाडून काढलं, आन् हात ताटल्या पुसाया लागले. येक ताट येगळंच केलं. का केलं, कुणासाठी, मला काय म्हाईत? तुमी आलाव, बसलाव, खाल्लं. येणाऱ्याला का म्हणून हाकलावं?"

मी सुपातला एक दाणा उचलून परत टाकला.

"ह्यांच्या येळंला बी तसंच," त्या सावकाश म्हणाल्या. "सकाळधरनं मोठ्या हंड्यात पाणी तापवायले. हे म्हणले, एवढं पाणी कशाला गं? मी म्हणलं, म्हाईत न्हाई."

अंघोळीचं पाणी. शेवटच्या अंघोळीचं. मला कळायला एक क्षण लागला.

"मग त्यांना अडवायचं होतं ना!"

"अडवलं की. रानात जाऊ दिलं न्हाई. पायात चप्पल घातलेली, ती काढाय लावली." सासूबाईंनी सूप उचलून मांडीवर घेतलं. "घरीच बसले. घरीच गेले."

निघताना त्या दारापर्यंत आल्या. म्हणाल्या, "उज्वलाला रागं भरू नका. तिचा हात आता माझ्यावर गेलाय."

त्या दिवसापासून मी बायकोवर नजर ठेवायला लागलो. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं. ती बिनसाखरेचा चहा ठेवायची आणि थोड्या वेळानं शुगरवाला शेजारी बेल वाजवायचा. मी मनाला समजावायचो, शेजारी नेहमीचाच आहे. ती गच्चीवरचे कपडे काढायची आणि आभाळ भरून यायचं. बायकांना अंदाज असतो. प्रत्येक गोष्टीला कारण सापडत होतं, आणि प्रत्येक कारण मला हवं तेवढंच पुरत होतं.

म्हणून मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. कुणालाच, अगदी मलाही आधी माहीत नसेल असं काहीतरी करायचं.

एका सकाळी लातूरला गाडी बघायला म्हणून निघालो. उज्वलाला सांगितलं, जेवायला नाही. अहमदपूरला आल्यावर गाडी बाजूला घेतली. लातूरचं काम फोन करून पुढं ढकललं. स्टँडवर नांदेडच्या बसची वाट बघत एक जोडपं उभं होतं. बाईच्या उजव्या हाताला बोटांपर्यंत प्लास्टर. मी त्यांना म्हणालो, नांदेडलाच चाललोय, बसा. वाटेत आग्रह केला, घरी दोन घास खाऊन जा. ते संकोचले, मी ऐकलं नाही. घरी फोन केला नाही.

दार उघडंच होतं. आत चार ताटं मांडलेली. उज्वला, मी आणि ते दोघं.

त्यातल्या एका ताटात भाकरी वरणात कुस्करून ठेवलेली होती. पाण्याचा पेला डाव्या हाताला. चमचाही डावीकडं.

उज्वला स्वयंपाकघरातून हसतच बाहेर आली. तिला त्या बाईचं प्लास्टर दिसलं. मग तिनं ताटाकडं बघितलं. तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं, नुसतं राहिलं.

पाहुणे गेल्यावर मी दार लावून घेतलं.

"चाकूरला त्या दिवशी मला तुम्ही मायलेकींनीच आणलंत का? मी डावीकडं म्हणालो, ते मी म्हणालो का?"

"मला काय म्हाईत हो?" ती रडायला लागली. "तुमी आत आलाव तवा मी तुमच्यापेक्षा जास्ती भ्याले होते. आई सकाळपासनं माझी वेणी घालत होती, सोडत होती, परत घालत होती. मी म्हणलं, कोण यायलेत? म्हणली, म्हाईत न्हाई. मला कुणी विचारलं का, हे घर पायजे का म्हणून?"

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बसलो. पण तिच्या हातांकडं बघायचं मी टाळत होतो, आणि तिला ते कळत होतं.

नंतर काही महिने शांत गेले. तिचे हात शांत होते, किंवा ती ते दाबून ठेवत होती. वर्षाराणी लातूरला होती, वसतिगृहात. बारावी आणि डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी. सगळं नेहमीसारखं होतं.

मग एका दुपारी मी कामावरून आलो, तर घरासमोर सिमेंटच्या गोण्या होत्या. मारोती मिस्त्री आमच्या दारातल्या पायऱ्या फोडत होता.

"हे काय चाललंय?"

"वहिनीनं बोलावलं," तो म्हणाला. "पायऱ्या काढून उतार करा म्हणल्या. उंबरा बी काढा म्हणल्या."

उज्वला आत भिंतीला टेकून उभी होती. अंगावर सिमेंटची धूळ. असा उतार मी दवाखान्यांच्या दारात बघितला होता, चाकाच्या खुर्चीसाठी.

"कशासाठी?" मी विचारलं.

"विचारू नका."

"कुणासाठी?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिलाही तेच विचारायचं होतं.

मी लातूरला फोन लावला. वर्षाराणी वर्गातून बाहेर आली होती, हसत होती, मागं मैत्रिणींचा गलका होता. मी म्हणालो, काही नाही, सहज केला.

त्यानंतर मी गाडीला हात लावला नाही. कामं दुसऱ्यांना दिली. घरातच राहायला लागलो. मग सासूबाईंचे शब्द आठवले, 'घरीच बसले, घरीच गेले', आणि घरही नकोसं झालं.

एकदा मी घण उचलला, तो उतार फोडायला. तसाच खाली ठेवला. उतार फोडून काय फुटणार होतं? आणि उद्या त्याची गरज लागली तर?

उज्वला रोज सकाळी त्यावर पाणी मारायची. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून.

सुट्टी लागली तशी वर्षाराणी घरी आली. बसमधून उतरली, पळत आली, त्या उतारावरून धावतच घरात शिरली. "पप्पा, हे भारीये!" म्हणाली. आम्ही दोघं एकमेकांकडं न बघता हसलो.

काल मारोती परत आला. उताराच्या कडेला लोखंडी कठडा बसवायला. तो नळी धरून उभा होता आणि उज्वला सांगत होती, "खाली घ्या. अजून खाली." एका ठिकाणी ती थांबली. "बास. इथं."

तो गेल्यावर मी कठड्यावर हात ठेवून बघितला. वाकावं लागत होतं. उभ्या माणसासाठी तो नव्हताच.

मी आतून खुर्ची आणली. उतारावर कठड्याला लागून ठेवली. बसलो. हात बाजूला टाकला. कठडा माझ्या हाताच्या बराच खाली होता.

मी पुन्हा बसून बघितलं. पाठ ताठ करून, मग सैल सोडून. जमत नव्हतं. तो माझ्या मापाचा नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्यानं हसलो.

"पप्पा, काय करायलाव?" वर्षाराणी दारात येऊन उभी राहिली. "उठा, मला बसू द्या."

मी उठलो. ती बसली. केस वाळवायचे होते तिला, पाठीवर मोकळे सोडले.

"उद्या मी बसनं जाऊ का, का मैत्रिणीच्या गाडीत? तिचे पप्पा सोडायलेत लातूरपर्यंत. सांगा ना. तुम्ही म्हणाल तसं."

मी तोंड उघडलं. दोन्ही शब्द जिभेवर होते. एकही बाहेर येईना.

"सांगा ना, पप्पा."

दाराच्या आत उज्वला उभी होती. ती माझ्याकडं बघत नव्हती. ती कठड्याकडं बघत होती.

वर्षाराणीनं बोलता बोलता हात बाजूला टाकला होता. खांदा न उचलता, कोपर न वाकवता, तिचा तळवा त्या कठड्यावर अलगद बसला होता.