कोकणातून आणलेलं दार

बसा, लाईट यायला येळ हाय. ही गोष्ट माझ्या दोस्ताची, दिंद्रुडच्या युसूफ सुताराची. त्यानं स्वतः सांगितली मला, अन् सांगताना एकदाबी माझ्याकडं बघितलं न्हाई.

चार वर्सं झाली. पाटोद्याच्या अलीकडं रोडवर सुंदरराव नवं घर बांधत होते. त्यांना जुनं सागवानी दार पायजे होतं. म्हणून युसूफ टेम्पो घेऊन कोकणात गेला. समुद्राकाठच्या एका गावात बोटीवाल्यांचं दीडशे वर्सांचं घर पाडायला काढलं होतं. वारस कुणी उरला नव्हता. दार मात्र असं, की हात फिरवत बसावं वाटावं.

दार उतरवताना शेजारचा एक म्हातारा खलाशी आला. त्यानं घराचं सगळं सांगितलं. पणज्यानं बांधलेलं, दर पिढीनं एक खोली वाढवलेली. मग एका वादळात दर्या गल्लीत घुसला. मालकानं दाराला अडसर घातला, अन् सून बाहेर राहिली. वासरू सोडायला गेलेली. "मामंजी, उघडा" म्हणत ती दार वाजवत होती. उघडलं तर पाणी आत येईल म्हणून मालकानं कुणाला उठू दिलं न्हाई. ती परत सापडलीच न्हाई. त्या घरात पुन्हा पाळणा हलला न्हाई. होती ती माणसं मागच्या दारानं ये-जा करायची, एकेक करून संपली.

युसूफनं दाराला रंधा मारला, तेल पाजलं. नवरात्रातली सहावी माळ, मंगळवार. दार बसवता बसवता रात्र झाली. सुंदरराव म्हणले, "आता कुठं जातो? पड इथंच." घरात तिघंच. सुंदरराव, त्यांची सून रोहिणी अन् युसूफ. पोरगा सत्यम माल घेऊन पुण्याला गेलता.

जेवताना युसूफनं ती हकीकत सांगितली. रोहिणी भाकरी वाढता वाढता थांबली. सासऱ्याला म्हणली, "मामा, तुमी असता तर?"

"उघडलं असतं की. पाण्याला काय भ्यायचं?"

सगळे झोपले. मधीच सुंदररावांना जाग आली. दार नुसतं लोटलेलं दिसलं. आपणच विसरलो असं वाटून त्यांनी अडसर घातला अन् पडले.

सव्वादोनला दार वाजलं.

हळू. मग जोरात.

"मामा... उघडा..."

युसूफ उठून बसला. सुंदररावबी.

"मामा... पाय..."

सुंदरराव उभे राहिले. युसूफनं त्यांचा हात धरला. "नका. ती हाय."

"आवाज आमच्या रोहिणीवानी..."

"ताई आत झोपल्यात."

सुंदररावांनी आतल्या खोलीकडं बघितलं. पडदा ओढलेला. चार पावलं होती फक्त. जाऊन बघितलं असतं तर...

कुणी गेलं न्हाई.

वाजणं हळू झालं. खाली खाली सरकलं. दाराच्या तळाशी नखं घासली. मग तेबी न्हाई...

दोघं भिंतीला टेकून बसले. उजाडेपर्यंत.

सकाळी अडसर काढला. रोहिणी उंबऱ्याशीच होती. रात्री मागं संडासला गेलती. घोट्यावर दोन बारीक खुणा. मण्यार. डॉक्टर म्हणले, रात्रीच आणली असती तर वाचली असती.

दुपारी सत्यम आला. बापाला एकच इचारलं त्यानं, "तुमी जागे होता?"

सुंदरराव न्हाई म्हणले. युसूफ शेजारीच उभा होता. तोबी गप बसला. ते गप बसणं त्याला आजबी खातंय, पोरांनो. सुतारकी सोडली त्यानं.

दार मात्र त्यानंच उतरवलं, त्याच दिवशी. आठ दिवसांत पाऊस नव्हता. रोहिणीची साडी कोरडी होती. पायरीवर धूळ. भिंत कोरडी.

अन् दाराची बाहेरची बाजू... खालून छातीपर्यंत ओली. वर सरळ रेघ. पाणी चढून थांबतं, तशी.

युसूफनं बोट लावलं. जिभेवर टेकवलं.

खारट.