जाळ्यात न अडकलेलं अक्षर

प्रयोगशाळेतल्या भिंतभर पडद्यावर फुटबॉलच्या गोलाचं जाळं दिसत होतं. नुसतं जाळं. खेळाडू नाहीत, चेंडू नाही, प्रेक्षक नाहीत. तरीही सिद्धेश सरनाईक खुर्चीच्या टोकावर येऊन बसला होता, कारण ते जाळं त्यानं ओळखलं होतं. उजव्या कोपऱ्यात निळ्या दोरीची एक गाठ होती. कोचीच्या संघाविरुद्धच्या सामन्याआधी ती त्यानंच मारली होती.

"हे हलतंय. दिसतंय का?" डॉ. नाझनीन तांबोळींनी विचारलं.

"नाही बा."

"आम्हालाही दिसत नाही," त्या हसून म्हणाल्या, "पण हलतंय."

सिद्धेश हे नाव त्याच्या जन्माच्या वेळी फार नवीन समजलं जायचं. आता ते म्हाताऱ्यांचं नाव झालं होतं, आणि साठी ओलांडलेल्या या म्हाताऱ्याला कोल्हापूरच्या नव्या ध्वनिसंग्रहालयानं आवाज ओळखायला बोलावलं होतं. जुनं उघडं मैदान पाडून तिथं बिनखांबी छताचं थंडगार क्रीडासंकुल उभं राहिलं होतं. लोकांना आता जुन्या मैदानाचा आवाज ऐकायचा होता. आधी पाडायचं आणि मग आठवण काढून उसासे टाकायचे, ही तर आपली जुनी खोड.

पण आवाज होता कुठं? प्रक्षेपणात समालोचकानं बडबड करून सगळा झाकून टाकलेला. उरली होती ती फक्त गोलरेषेवरच्या शीघ्रचित्रकांची चित्रं. चेंडू रेषेपार गेला की नाही हे ठरवायला बसवलेले ते कॅमेरे एका सेकंदात हजारो चित्रं घ्यायचे, आणि सगळी मुकी.

"आवाज म्हणजे हवेचा धक्का," डॉ. तांबोळी सांगू लागल्या. "तो पडदा हलवतो, पान हलवतो, जाळंही हलवतो. केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी. डोळ्याला ते कळत नाही, पण एका चित्रात दोरी कुठं होती आणि पुढच्या चित्रात कुठं गेली, हे गणिताला कळतं. ती हालचाल मी उलटी फिरवतो आणि त्यातून आवाज बाहेर काढतो. याला आम्ही दृश्यश्रवण म्हणतो."

बाई रंगात आल्या की 'मी करतो, मी काढतो' अशी अस्सल कोल्हापुरी बायकांची भाषा बोलायच्या. शेजारी बसलेले डॉ. कौस्तुभ बेडेकर पुण्याचे. उच्चारशास्त्र हा त्यांचा विषय, त्यामुळे ते प्रत्येक वेळी दचकायचे.

"ऐकवू?" बेडेकरांनी विचारलं.

आणि मैदान गर्जलं.

सिद्धेशनं डोळे मिटले. आवाज जाड होता, पांघरुणातून आल्यासारखा, पण तोच होता. ढोल, पायऱ्यांवर आपटणारे पाय, आणि शेजारच्या घरांच्या गच्च्यांवर बसून सामना बघणाऱ्या बायकांचा तो एकसुरी कल्ला. त्या हंगामासाठी त्याचा जीव आजही तुटायचा. देशाच्या अव्वल लीगमध्ये करवीर एकादश एकदाच खेळला, आणि त्या एकाच हंगामावर सिद्धेशनं उरलेलं आयुष्य काढलं होतं.

ऐजॉलला मैदानावर ढग उतरला होता. चेंडू दिसेना, तरी करवीरच्या गोलकीपरनं नुसत्या आवाजावर उडी घेऊन तो पकडला होता. कोळिकोडला ते हरले, तर तिथल्या लोकांनी हलव्याचे डबे देऊन त्यांना गाडीत बसवलं. आणि परतीच्या प्रवासात मिरजेच्या फलाटावर निम्मं कोल्हापूर ढोल घेऊन आलेलं, हरून आले तरी.

तो गोलकीपर म्हणजे ऋतुराज पोवार. पोवार वरच्या पेठेचा, सिद्धेश खालच्या. दोन्ही पेठांच्या तालमींचं फुटबॉलवरून पिढ्यान् पिढ्या हाडवैर. पहिल्याच प्रवासात पोवारनं आईनं दिलेला खर्डा-भाकरीचा डबा उघडून त्याच्यापुढं सरकवला होता. "खा. वरच्या पेठेचं हाय म्हणून इख न्हाई घातलेलं." तिथून दोघांची गट्टी जमली. सरनाईक या आडनावापलीकडं जाऊन मैदानात त्याला 'सिधू' म्हणणारा तो एकटाच.

"सरनाईक साहेब, तुमची अट लक्षात आहे," तांबोळी म्हणाल्या. "शेवटचा सामना. शेवटची दोन मिनिटं."

सिद्धेशनं मान हलवली. आवाज ओळखायला तो आला होता खरा, पण त्याला एकच आवाज ओळखायचा होता.

शेवटचा सामना घरच्या मैदानावर, कोलकात्याच्या संघाशी. बरोबरी झाली तरी लीग कोल्हापूरची. शून्य-शून्य चालू. अगदी शेवटी एक उंच चेंडू गोलापुढं आला. त्याखाली सिद्धेश, आणि त्याच्या पाठीमागं पोवार. पाठीमागून ओरड आली, "सोड!" सिद्धेशनं मान खाली घातली आणि चेंडू जाऊ दिला. वळून बघतो तर पोवार गोलरेषेवरच उभा. दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत चेंडूनं टप्पा घेतला आणि कोलकात्याच्या पोरानं तो आरामात जाळ्यात ढकलला.

"तू सोड म्हणालास."

"मी फोड म्हणालो."

त्या दोघांचं शेवटचं बोलणं तेवढंच. खालच्या पेठेनं ठरवून टाकलं, की पोवारनं मुद्दाम दगा दिला. वरच्या पेठेनं ठरवलं, की सरनाईक घाबरला आणि खापर दुसऱ्यावर फोडून मोकळा झाला. पुढच्या वर्षी पैसे आटले, संघ अव्वल लीगमधून बाहेर पडला आणि मग बंदच झाला. तीस-बत्तीस वर्षं एकाच गावात राहून दोघं एकमेकांना चुकवत आले होते. लग्नात एक दिसला, की दुसरा जेवायच्या आधी निघायचा. गेल्या महिन्यात पोवारला हृदयविकाराचा झटका येऊन गेल्याचं कळलं, तेव्हा सिद्धेश इस्पितळाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत फिरला. दगा देणाऱ्याला भेटायचं कसं? आणि त्यानं दगा दिलेलाच नसला, तर तोंड कसं दाखवायचं? मरायच्या आधी एकदा खरं काय ते कळायला हवं होतं.

"लावा," तो म्हणाला.

गर्जना आली. मग तिच्यावर चढून, अगदी जाळ्याजवळून, एक माणूस ओरडला. पोवारच. तो आवाज सिद्धेशनं हजारांत ओळखला असता.

"—ओड!"

"पुन्हा लावा."

"—ओड!"

"अहो, पहिलं अक्षर कुठाय? तेवढंच तर पाहिजे मला!"

दोघा शास्त्रज्ञांनी एकमेकांकडं बघितलं. उत्तर बेडेकरांनी दिलं, आणि हळू आवाजात दिलं.

"ते जाळ्यानं घेतलंच नाही. असं बघा, 'ओ' हा घशातून येणारा भरीव स्वर. तो सावकाश कंप पावतो. 'स' आणि 'फ' म्हणजे नुसती फुंकर. 'स' दातांतून, 'फ' ओठांतून. त्यांची कंपनं फार जलद आणि फार नाजूक असतात. जाळ्याची दोरी जड. तिला सावकाश हलता येतं, जलद नाही. त्यामुळे स्वर जाळ्यात अडकले आणि व्यंजनांची फुंकर भोकांतून निघून गेली."

"पण तुमचं ते यंत्र... हल्ली तर फाटके फोटोसुद्धा पुरे करून देतात की."

"देतात," बेडेकर म्हणाले. "पूरणयंत्र आमच्याकडंही आहे. ऐका."

त्यांनी एक कळ दाबली. "सोड!" पोवारच्या आवाजात, स्वच्छ, धारदार. सिद्धेश ताडकन उभा राहिला. "हेच! हेच ऐकलं होतं मी!"

बेडेकरांनी दुसरी कळ दाबली. "फोड!" तोही पोवारच. तितकाच स्वच्छ, तितकाच खरा.

सिद्धेश मटकन खाली बसला.

"यंत्र ऐकत नाही, सरनाईक साहेब," तांबोळी म्हणाल्या. "जे कमी पडतं ते अंदाजानं भरतं. आणि अंदाज कशावरून करायचा, ते आपण त्याला सांगतो. तुम्हाला यातलं कुठलंही एक मी मोहर मारून देऊ शकतो. पण ते खोटं असेल, म्हणून देणार नाही."

मग बेडेकरांना राहवलं नाही. "मला एक विचारायचंय. गोलकीपर 'सोड' कधी म्हणतो?"

"आमच्या खालच्या पेठेत, कीपर स्वतः पुढं येत असला की. तू सोड, मी घेतो."

"आणि वरच्या पेठेत?"

"त्यांच्यात कीपर येत असला तर काहीच बोलत नाही. येणार नसला, की 'फोड' म्हणतो. म्हणजे मार, लांब घालव." सिद्धेश थांबला. "पण आमचे कोच परेरा सर गोव्याचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, पेठेची भाषा पेठेत ठेवा, मैदानावर फक्त 'कीपर' आणि 'क्लिअर'. सगळा हंगाम आम्ही तेच ओरडलो."

"आणि शेवटच्या मिनिटाला?"

शेवटच्या मिनिटाला पोवारच्या तोंडात त्याची पेठ आली होती.

"आता माझ्या शास्त्रातलं सांगतो," बेडेकर म्हणाले. "टाळ्या, शिट्ट्या, हजारो लोकांचा सळसळाट, हे सगळं नाजूक कंपनांच्या पट्ट्यात येतं. 'स' आणि 'फ' राहतात नेमके तिथंच. त्या गोंगाटात तुमच्या कानालाही जाळ्याइतकंच मिळालं असणार. '—ओड'. आपला मेंदू अर्धा शब्द कधीच ऐकवत नाही, तो पुरा करूनच देतो. आमच्या पूरणयंत्रासारखा. तुम्ही तो पुरा केलात, लहानपणापासून जे ऐकलं होतं त्यानं."

सिद्धेश पडद्यावरच्या जाळ्याकडं बघत मनात हिशेब मांडू लागला. पोवार 'सोड' म्हणालाच असेल, तर तसं म्हणून तो रेषेवर का उभा राहील? इतकी वर्षं दगा म्हणूनच ते पटत होतं. आता दगा काढून घेतला, तर मागं फक्त दोन तालमींची दोन पोरं उरत होती. एक आपल्या पेठेच्या भाषेत ओरडला होता, दुसऱ्यानं आपल्या पेठेच्या कानानं ऐकलं होतं, आणि खोटं कुणीच बोललेलं नव्हतं.

"म्हणजे सिद्ध काहीच झालं नाही," तो पुटपुटला.

"नाही. आणि कधी होणारही नाही," तांबोळी म्हणाल्या. "पण गोलानंतरचं थोडं उरलंय. त्यात कुणीतरी बोललंय, पण आम्हाला ते उलगडत नाही."

गोल झाल्यावर मैदान गप्प झालं होतं. ती शांतता सिद्धेशला आठवत होती. तो जमिनीवर पालथा पडून, दोन्ही हातांनी कान झाकून रडत होता. आता पडद्यावरच्या जाळ्यातून तीच शांतता ऐकू आली आणि तिच्यात, जवळूनच, एक दमलेला आवाज.

"ऊ... इ... ऊ. ऊ... इ... ऊ."

"नुसते स्वर आहेत," बेडेकर म्हणाले. "वेदनेचं कण्हणं असावं, असा माझा—"

"ऊठ, सिधू," सिद्धेश म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "ऊठ, सिधू, म्हणतोय तो."

बेडेकर थोडे घुटमळले. "माफ करा, पण हीसुद्धा तुम्ही केलेली भरतीच झाली."

"व्हय," सिद्धेश उठत म्हणाला. "पण या वेळी मी ठरवून भरतोय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो वरच्या पेठेत गेला. पोवार तालमीमागच्या पटांगणाच्या कट्ट्यावर, अंगावर शाल घेऊन बसला होता. पुढं शाळेच्या मुलींचा सराव चालला होता. छातीत झटका येऊन गेलेला माणूस कट्ट्यावरून "क्लिअर! क्लिअर!" ओरडत होता. परेरा सर असते तर खूश झाले असते.

सिद्धेश जाऊन त्याच्या शेजारी टेकला. पोवारनं एकदा वळून बघितलं आणि पुन्हा मैदानाकडं तोंड केलं.

"वाट चुकलास व्हय?"

"न्हाई. ठरवून आलोय."

सिद्धेशनं काय काय बोलायचं ते रात्री घोकून ठेवलं होतं. जाळं, स्वर, फुंकर, सगळं. त्यातलं काही तोंडाला येईना.

"ऋत्या," तो शेवटी म्हणाला, "तू खरंच फोड म्हणालास. मी चुकीचं ऐकलं. माझ्यामुळं आपली लीग गेली, आणि वर मी तुलाच—"

तेवढ्यात मुलींनी गोल केला आणि पटांगणात एकच आरडाओरडा झाला. शिट्ट्या, टाळ्या. पोवार त्याच्याकडं वळून काहीतरी बोलला. बेडेकरांनी जाता जाता सांगितलंच होतं, की वय झालं की कान पहिल्यांदा हीच नाजूक कंपनं गमावतात. सिद्धेशला ऐकू आलं ते एवढंच.

"—ओड."

तो बघतच राहिला. पोवारचा हात त्याच्या खांद्यावर येऊन पडला होता.

"काय म्हणालास?"

"बहिरा झालाईस व्हय रं?" पोवार म्हणाला, आणि त्यानं पुन्हा ओठ हलवले. आरडाओरडा अजून थांबला नव्हता. पुन्हा तेच. "—ओड आता."

ज्या शब्दासाठी सिद्धेशनं उभं आयुष्य भांडण जपलं होतं, तो या माणसाच्या तोंडून अखेर आला होता, आणि त्याचं पहिलं अक्षर याही वेळी ऐकू आलं नव्हतं. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं नाही. सिद्धेशनं ते अक्षर स्वतःच भरलं, आणि सोडलं.